असूड ऐकताना

महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ मला कृषी पदवीच्या चार वर्षांत कुणी वाचायला सांगितला नाही. माती झाली, खते झाली, किडी-रोग झाले, असूड राहिला. तो हाती पडला नोकरीत पंधरा वर्षे काढल्यावर, २०१२ च्या दुष्काळात, गावच्या वाचनालयाच्या कपाटात. टँकरची वाट पाहून कंटाळलेली मंडळी रात्री देवळाच्या ओट्यावर जमत. म्हटले, रोज थोडे वाचून दाखवावे.

ही रीत माझी नव्हे. १८८३ साली हा ग्रंथ लिहिला तेव्हा खुद्द जोतीरावांनी तो जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकून घेतला. उलट आपल्याच माणसांच्या ‘दीनबंधु’ पत्रात संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची थांबवली. राजाला सोसले ते संपादकाला सोसले नाही, याचे मला हसू आले होते.

पहिल्या रात्री ओटा भरून गेला. जन्मापासून मरेपर्यंत धर्माच्या नावाने कुणब्याला कसे नाडले जाते, हे ऐकताना माना डोलत होत्या. पुढे सरकारी अंमलदारांची पाळी आली. एक म्हातारे मोठ्याने म्हणाले, “साहेब, हे तुमच्याच खात्याचं दिसतंय की!” सगळे हसले. मीही हसलो.

चौथ्या प्रकरणात कलेक्टरच्या तंबूवरून निराश होऊन परतणारा कर्जबाजारी शेतकरी आहे. त्याच्या घरादाराचे वर्णन चालू असता खांबाआड बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “ह्याला आमचं घर कुणी दावलं?” त्या रात्री बराच वेळ कुणी उठले नाही.

पाचव्यात मात्र असूड वळतो. शेतकऱ्यांना एकीपेक्षा जास्त बायका करू देऊ नयेत, मुलींची लग्ने लहानपणी करू नयेत, त्यासाठी कायदाच हवा, असे जोतीराव सांगतात. समोर एक गृहस्थ बसले होते. त्यांची मुलगी दहावीत, आणि वैशाखात तिचे लग्न ठरलेले. अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय मुलीचे लग्न बेकायदा, हे मला ठाऊक होते आणि तरी सुपारीच्या दिवशी मी त्यांच्या घरी पेढा खाऊन आलो होतो. ते काही न बोलता उठून गेले. दुसऱ्या रात्री निम्मा ओटा रिकामा. एक जण म्हणाला, “पुस्तक चांगलं हाय साहेब, पण शेवटाला बिघडवलं.” लोखंड्यांना हसलेला मी, ते पान आदल्या रात्री जरा घाईनेच वाचून टाकले होते.

चार दिवसांनी ते गृहस्थ पुस्तक मागायला आले. पंधरवड्याने परत आणले तेव्हा मी विचारले, “कसं वाटलं?”

“मला कुठं येवढं वाचता येतंय? पोरीनं वाचून दाखवलं.”

“ते लग्नाचं पण?”

“ते तिनं दोनदा वाचलं.” थोडे थांबून म्हणाले, “पावण्यांना सांगावा धाडलाय. बघू काय म्हणत्यात.”

चहा झाला तरी ते उठेनात. मग पुस्तकात काडी घातलेले पान उघडून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे, मग ओढ्याला मिळावे, अशा बेताने जागोजाग बंधारे घालावेत, असे जोतीरावांनी तिथे लिहिले आहे.

“हे १८८३ सालचं म्हणता ना, साहेब? मग आमच्या ओढ्याच्या बांधाचा कागद कुठं हाय?”

माती नालाबांधाचा तो प्रस्ताव माझ्याच टेबलाच्या खणात होता. दोन उन्हाळे. मोजमापाला जायचे राहिले होते, एवढेच कारण.

“उद्या सकाळी ओढ्यावर या,” मी म्हणालो. “टेप घेऊन येतो.”