संघावर विश्वास किती ठेवावा?

व्यावसायिक सायकल शर्यतीत स्वार एकटा पळत नाही. डॉक्टर, मालिशवाला, आहार, करार, सगळे संघाचे. म्हणून उत्तेजकांचा प्रश्न विचारायचा तो आधी संघाला. 8 जुलै 1998 रोजी फ्रान्स-बेल्जियम सीमेवर फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्होएट याच्या गाडीत लाल पेशी वाढवणाऱ्या ईपीओसह औषधांचा जो साठा सापडला, तो काही एकट्यादुकट्या स्वारासाठी नव्हता. लान्स आर्मस्ट्राँगची 1999 ते 2005 ची टूर द फ्रान्सची सात विजेतेपदे 2012 मध्ये गेली. चाचण्या त्या काळातही होतच होत्या. बिंग फुटले ते मुख्यतः सहकाऱ्यांच्या साक्षींनी.

2008 मध्ये सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने जैविक पासपोर्ट आणला. त्यात औषध शोधत नाहीत. स्वाराच्या रक्ताची त्याच्याच जुन्या नोंदींशी तुलना करतात. हिमोग्लोबिन वाढले आणि नव्या लाल पेशींचे प्रमाण मात्र घटले, तर साठवलेले रक्त परत चढवल्याचा संशय येतो. ईपीओ चालू असताना याच नव्या पेशी वाढतात. अगदी थोड्या मात्रेत घेतलेले औषध मात्र निसटू शकते.

पासपोर्टचा हा पहारा मुख्यतः वर्ल्ड टूर आणि प्रो या वरच्या दोन स्तरांच्या संघांवर असतो. खाली तो विरळ होत जातो, आणि खरी चिंता तिथेच आहे. पोर्तुगालच्या डब्ल्यू52-एफसी पोर्तो या कॉन्टिनेंटल, म्हणजे त्याखालच्या स्तराच्या, संघाचा परवाना 2022 मध्ये रद्द झाला, त्याआधी पोलिसांनी छापे घातले होते. जानेवारी 2026 मध्ये झालेली पुणे ग्रँड टूर यूसीआयच्या 2.2 दर्जाची. या दर्जाच्या शर्यतीत वर्ल्ड टूर संघ नसतात. भरणा कॉन्टिनेंटल आणि राष्ट्रीय संघांचा.

यजमान देशाची पाटीही कोरी नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडाच्या 2023 च्या आकडेवारीत भारताच्या 5,606 नमुन्यांपैकी 213 पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे 3.8 टक्के. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान नरसिंग यादव उत्तेजक चाचणीत अडकला, तेव्हा त्याने 2016 मध्ये आपल्याविरुद्ध कट झाल्याचे सांगितले. भारताची उत्तेजकविरोधी संस्था नाडाने ते मानले, क्रीडा लवादाने मानले नाही आणि चार वर्षांची बंदी आली. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, हा नियम. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या तालमीतला मुलगा प्रोटीनचा डबा उघडतो तेव्हा लेबलवर न छापलेल्या घटकाचा धोका त्याचा असतो. सायकलपटूला तोच डबा संघाच्या डॉक्टरने दिला, तरी नियम बदलत नाही.

संघाला झळ बसावी म्हणून यूसीआयचा वेगळा नियम आहे: बारा महिन्यांत दोन स्वारांवर उत्तेजकांबद्दल नोटीस निघाली, तर संघ 15 ते 45 दिवस निलंबित. बार्दियानी संघाला 2017 मध्ये 30 दिवस मिळाले. स्वाराची बंदी मात्र चार वर्षांची असू शकते. या हिशेबात संघ फारच स्वस्तात सुटतो.