हानले : अंधाराचा धडा

लेहहून सिंधूच्या काठाने निघालेला रस्ता लोमा येथे पूल ओलांडून हानलेच्या विस्तीर्ण खोऱ्याकडे वळतो. टेकडीवर सतराव्या शतकातील बौद्ध मठ, खाली ओलसर कुरणांत चरणारे कियांग, आणि समोरच्या डोंगरावर ४५०० मीटर उंचीवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा. तेथील दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण कर्नाटकातील होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालवली जाते. डिसेंबर २०२२ मध्ये हा परिसर ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून घोषित झाला. आता येथे खिडक्यांना जाड पडदे असतात, आणि प्रशिक्षण घेतलेले गावकरी पाहुण्यांना दुर्बिणीतून आकाश दाखवतात.

इतक्या काळ्या आकाशाखाली उत्तम कॅमेरा लावूनही चित्रात वाळूसारखे दाणे आणि लाल-निळे ठिपके उमटले, की पाहुणा हिरमुसतो. छायाचित्रकार याला नॉइज म्हणतात. कॅमेऱ्याला दोष देऊन पुढच्या वर्षी अधिक किमतीचा घेणारे कमी नाहीत. वस्तुतः या दाण्यांचे मूळ एकच नसते.

पहिले मूळ प्रकाशातच आहे. प्रकाश पावसाच्या थेंबांसारखा कणाकणाने येतो. शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांत थेंब नेमके सारखे पडत नाहीत. शंभर कण जमले तर दहांचा चढउतार स्वाभाविक, म्हणजे दहा टक्के. दहा हजार जमले तर शंभरांचा, म्हणजे अवघा एक टक्का. उपाय एकच, अधिक प्रकाश गोळा करणे. आयएसओ वाढवल्याने चित्र उजळते, प्रकाश वाढत नाही. एकाच दृश्याची सोळा चित्रे घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढली, तर दाणे चौथाईवर येतात.

दुसरे मूळ उष्णतेत आहे. प्रकाश नसतानाही सेन्सर स्वतःच्या उबेने विद्युतकण सोडत राहतो, आणि तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढले की हे प्रमाण दुप्पट होते. मे महिन्यात अलिबागच्या किनाऱ्यावर रात्रीही तीस अंशांच्या आसपास उकाडा असतो. हानलेत थंडीच्या दिवसांत पारा शून्याखाली दहावर सहज उतरतो. चाळीस अंशांचा हा फरक त्या कणांना पन्नासपटींहून अधिक घटवतो. वीस सेकंदांच्या चित्रात तो फारसा जाणवत नाही. चार-पाच मिनिटांच्या चित्रात मात्र तोच कॅमेरा निराळा वाटू लागतो. (थंडीची किंमतही असते: बॅटरी लवकर उतरते, आणि गारठलेला कॅमेरा बंद पिशवीत न घालता उबदार खोलीत आणला तर त्यावर दव धरते.)

किराणा दुकानात तेल मोजण्यापूर्वी रिकाम्या डब्याचा धडा करतात. छायाचित्रकारही तेच करतो. लेन्सवर झाकण लावून, तेवढ्याच वेळाचे, त्याच आयएसओचे आणि त्याच गारव्यातले एक कोरे चित्र घेतो. त्यात जे ठिपके आणि जी लाली दिसते ती कॅमेऱ्याची स्वतःची. मूळ चित्रातून ती वजा करायची. अनेक कॅमेरे हे काम आपणहून करतात, म्हणून चार मिनिटांच्या चित्राला आठ मिनिटे लागतात. काही कॅमेरे ठिपके पुसण्याच्या भरात मंद तारेही पुसून टाकतात. असे गुळगुळीत चित्र सुंदर दिसले, तरी त्यापेक्षा दाणेदार चित्र बरे.

दोन कॅमेऱ्यांची तुलना करतानाही हाच चोखपणा हवा. लेन्सचे छिद्र, वेळ आणि तापमान सारखे ठेवावे. दोन्ही चित्रे एकाच आकारात छापून पाहावीत. जास्त मेगापिक्सेलचे चित्र पडद्यावर मोठे करून पाहिले तर त्यातील दाणे उगाच ठळक वाटतात. मोठ्या सेन्सरचा लाभ खरा आहे. पण बहुतेक प्रवाशांना त्याआधी मजबूत तिवई आणि मोठ्या छिद्राची लेन्स अधिक उपयोगी पडते.

१० मे २०२४ च्या रात्री तीव्र सौर वादळ आले, तेव्हा हानलेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबूस प्रकाश टिपला. इतक्या दक्षिणेकडे ध्रुवीय प्रकाश क्वचितच दिसतो, आणि अशी मंद लाली साध्या डोळ्यांना सहसा जाणवत नाही. तापलेल्या सेन्सरच्या कडेलाही काहीशी अशीच लालसर झाक येते. झाकण लावून घेतलेल्या कोऱ्या चित्रात ती झाक नसेल, तर लाली आकाशातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हानलेच्या आकाशात ती पुन्हा दिसली.