झुंजार रद्दीत गेला

गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदरला इंद्रलोकमध्ये वन बीएचके घेतला, तेव्हा जागा नाही म्हणून मी बाबांची ट्रंक रद्दीवाल्याला देऊन टाकली. आत सगळे बाबुराव अर्नाळकर! झुंजार, धनंजय, काळापहाड. ठेवलं काय? ‘ययाति’ आणि ‘हिंदू’. एकीला १९७४चं ज्ञानपीठ, दुसरीच्या लेखकाला, म्हणजे नेमाड्यांना, २०१४चं.

खरं सांगू? चर्चगेट लोकलमध्ये ‘हिंदू’ मी कव्हर दिसेल अशी धरायचो. वाचायचो मात्र मोबाइलवर खुनाच्या कादंबऱ्या, त्याही इंग्रजीतून. स्वीडनचा इन्स्पेक्टर चालतो, आपला झुंजार नाही! अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, घराघरात वाचनाची चटक लावली. त्याला कुठलं ज्ञानपीठ?

बाबा काही बोलले नाहीत. फक्त एकदा ‘हिंदू’ घेतली, पन्नासेक पानं वाचली आणि विचारलं, ‘‘यात खून कधी होतो रे?’’ मी हसलो. ते हसले नाहीत. त्यानंतर पुस्तकच हातात घेतलं नाही. दुपारभर गॅलरीत बसून खालच्या रिक्षा बघायचे.

गेल्या महिन्यात फोर्टच्या फुटपाथवर एक झुंजार सापडला. फाटका, शेवटची काही पानं गायब. किंमत ऐकून गार पडलो, तरी घेतला. बाबांनी एका बैठकीत संपवला.

‘‘शेवट नाहीये त्यात,’’ मी ओशाळून म्हटलं.

‘‘मला ठाऊक आहे की!’’ ते खुनी कोण ते सांगायला लागले आणि मध्येच थांबले. ‘‘नको. आधी तू वाच.’’