चौपन्न मेगाहर्ट्झची रेषा

"मराठी विभागाला लेख कमी पडताहेत, तू दे ना एक," असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. मी कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि 'पावसाळ्यातील एक दिवस'! घरी अर्थात मराठीच बोलतो, पण लिहायला बसलं की वेलांटी पहिली का दुसरी, इथंच गाडी अडते. पण या सेमिस्टरला लॅबमध्ये जे झालं ते मला मराठीतच लिहायचं होतं. ज्याच्याशी झालं त्याच्याशी मी मराठीतच भांडले होते, म्हणून असेल.

तर झालं असं. आमच्या मिनी प्रोजेक्टचा ग्रुप दोघांचाच. मी आणि माझा पार्टनर. तो सोलापूरकडचा, दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मग रयतची शाळा. प्रोजेक्ट होता २७ मेगाहर्ट्झचा छोटा ट्रान्समीटर, १०० मिलिवॅटचा. अँटेना लावायची नाही, सगळी पॉवर डमी लोडमध्ये. ट्रान्समीटर २७ वर बोलतो तेव्हा थोडंसं ५४ वर आणि ८१ वरही पुटपुटतो. या हार्मोनिक्स. त्या दाबायला शेवटी लो-पास फिल्टर लागतो. सरांची अट होती की ५४ ची रेषा २७ च्या रेषेपेक्षा निदान ५० डीबीनं खाली पाहिजे. कामाची वाटणी सोपी होती. फिल्टर त्यानं बनवायचा, मोजमाप मी करायचं. का? तर यंत्राचं मॅन्युअल इंग्रजीत, साडेतीनशे पानांचं. "तू वाच, तुला पटकन समजेल," असं तो म्हणाला आणि मीही ते खुशाल मान्य केलं.

यंत्र म्हणजे आमच्या कम्युनिकेशन लॅबमधला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांसाठी थोडं सांगते. जुन्या रेडिओचा काटा आपण डावीकडून उजवीकडे फिरवायचो (आपण म्हणजे आपले आजोबा), वाटेत एकेक स्टेशन लागायचं. हे यंत्र तेच करतं, फक्त स्वतःच आणि सेकंदाला कित्येक वेळा, आणि प्रत्येक स्टेशन किती जोरात आहे त्याची उंची पडद्यावर काढतं. इनपुटला नुसती हातभर वायर लावली तरी ८८ ते १०८ मध्ये एफएमवाल्यांचे बुरूज उभे राहतात. ९८.३, ९३.५... गाणं ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. पहिल्या दिवशी मी अर्धा तास तेच बघत बसले होते.

यंत्रावर नाव एचपीचं. आम्हाला एचपी म्हणजे प्रिंटर आणि लॅपटॉप. पण ही कंपनी १९३९ मध्ये सुरू झाली तीच मुळी मोजमापाच्या उपकरणांवर. तिचा पहिला माल होता ऑडिओ ऑसिलेटर. पुढे १९९९ मध्ये हा धंदा एजिलंट नावानं वेगळा झाला आणि २०१४ मध्ये त्यातून कीसाइट निघाली. म्हणजे आमचं यंत्र दोन बारशांच्या आधीचं! वजन तान्ह्या बाळापेक्षा बरंच जास्त आणि लाड तेवढेच.

लाड म्हणजे कॅलिब्रेशन. ते मी मॅन्युअल वाचून अगदी नेमानं शिकले. आधी अर्धा तास नुसतं चालू ठेवायचं, कारण आतले भाग गरम होऊन स्थिर व्हायला वेळ लागतो. मग पुढच्या पॅनलवरच्या 'कॅल आउट'मधून छोटी केबल काढून इनपुटला लावायची. त्यातून ३०० मेगाहर्ट्झचा, बरोबर उणे २० डीबीएमचा सिग्नल येतो. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट, त्यामुळे उणे २० म्हणजे त्याचा शंभरावा भाग, १० मायक्रोवॅट. यंत्राला जणू सांगायचं, बाबा रे, हा तुझा शेर, याच्याशी स्वतःला ताडून घे. बटण दाबलं की आत रिले टकटक वाजायला लागतात. आठ-नऊ मिनिटं ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटत बसतं. मग स्टोअर करायचं आणि मार्कर ३०० वर ठेवून उणे २० दिसतंय ना ते बघायचं. ते तसं दिसलं की मला गणिताचा पेपर पूर्ण सोडवल्यासारखं वाटायचं.

अर्थात हे घरातल्या घरात केलेलं कॅलिब्रेशन. खरं कॅलिब्रेशन म्हणजे यंत्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथली मानकं वरच्या मानकांशी ताडलेली, आणि ती साखळी शेवटी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोचलेली असते. आमच्या यंत्रावरच्या स्टिकरची तारीख कधीच उलटून गेली आहे. असो. तो विषय काढला की आमचे काका, म्हणजे लॅब असिस्टंट, खिडकीबाहेर बघतात.

पार्टनरनं फिल्टर बनवला. दोन कॉइल, तीन कपॅसिटर. तपकीर गल्लीतून २२ गेजची इनॅमल वायर आणली, सहा मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर गुंडाळून नऊ-नऊ वेढे घातले. मी कॅलिब्रेशन केलं, २० डीबीचा पॅड मधे लावला (इनपुटपाशी '+३० डीबीएम मॅक्स' छापलंय, तेवढी अक्कल होती) आणि मोजलं. ५४ ची रेषा फक्त ३१ डीबी खाली! पाहिजेत ५०.

"फिल्टर फेल आहे," मी म्हटलं.

"वेढे नीट मोजलेत मी," तो म्हणाला. "मीटरवर इंडक्टन्सपण बघितलाय."

"अरे, यंत्र खोटं बोलेल का? तुझ्यासमोर कॅलिब्रेट केलंय."

त्यावर तो गप्प बसला. रात्री हॉस्टेलवर त्यानं दुसरा फिल्टर बनवला. दुसऱ्या दिवशी मोजला तर ३१. मग तिसरा. कॉइल एकमेकींशी काटकोनात, मधे पत्र्याचा पडदा सोल्डर केलेला. तिसरी रात्र जागून केलेलं ते काम होतं, त्याचे डोळे लाल झाले होते. मोजलं, ३१.

आता मला वाटतं, तीन वेगवेगळे फिल्टर आणि आकडा तोच, इथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण मला वाटलं काय, तर हा तीनदा तीच चूक करतोय! मी ते बोलूनही दाखवलं. वर, "थिअरी नीट वाचलीस का? पुस्तकं इंग्लिशमध्ये आहेत म्हणून सोडलंस का?" असंही म्हणाले. हे वाक्य लिहिताना माझं पेन थांबलं होतं, पण आहे ते आहे. त्याच आठवड्यात रिव्ह्यू होता. प्रोग्रेस रिपोर्ट अर्थात मीच लिहिलेला. त्यात माझ्या छान इंग्रजीत लिहिलं होतं की फिल्टरचं काम समाधानकारक नाही. सरांनी त्याला 'हे काय?' विचारलं, तो खाली बघत राहिला. त्याचे पाच मार्क गेले. माझे नाही.

रिव्ह्यूनंतर दोन दिवसांनी मी एकटीच लॅबमध्ये रीडिंग्ज फेअर करत होते. काका कुलूप घेऊन आले, पडद्याकडे बघून थबकले.

"पोरी, हे अटेन्युएशन शून्यावर कुणी ठेवलं?"

"मीच काका. तळातला नॉइज कमी होतो ना, बारीक रेषा स्पष्ट दिसतात."

"नॉबनं केलंस?"

"नाही, नॉब दहाच्या खाली जात नाही. आकडा टाइप केला."

"मग तो दहाला का अडतो, याचा विचार केलास?"

नव्हता केला. काका खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आता दहा कर." मी केलं. २७ ची मोठी रेषा जेमतेम हलली. ५४ ची रेषा धपकन खाली गेली. ४१. "वीस कर." ४९. "तीस." ५५. "चाळीस." नॉइज एवढा वर आला की रेषा त्यात बुडायला लागली. मग काकांनी स्पॅन लहान करून ५४ च्या आसपास आणला, रिझोल्युशन बँडविड्थ १० किलोहर्ट्झवरून १ वर आणली. नॉइज १० डीबी खाली गेला. मी घाईनं स्वीप वाढवायला गेले तर कोपऱ्यात 'मेझर अनकॅल' आलं. काका म्हणाले, "थांब की जरा. त्याला वेळ दे." दिली. ५७.

अटेन्युएटर म्हणजे यंत्राच्या दारातला धोंडा. येणारा सिग्नल तो अडवून बारीक करतो, आणि जेवढा बारीक केला तेवढाच आतला गेन वाढवून यंत्र पडद्यावरचा आकडा जुळवून घेतं. म्हणून बाहेरून खरोखर आलेली रेषा धोंडा लहान-मोठा केला तरी जागची हलत नाही. पण मी दार सताड उघडं ठेवलं होतं. पॅडमधून येणारे शून्य डीबीएम थेट आतल्या मिक्सरवर आदळत होते, आणि मिक्सरला तेवढं झेपत नाही. गणपतीत मंडळाचा स्पीकर फुल्ल केला की आवाज फाटतो ना, तसंच. फाटलेल्या आवाजात गाण्यात नसलेले सूर असतात. ५४ ची रेषा ट्रान्समीटरची नव्हतीच फारशी. ती यंत्रानं स्वतःच्या पोटात तयार केलेली होती. मिक्सरवरचा जोर १० डीबीनं कमी केला की अशी दुसरी हार्मोनिक मूळ रेषेच्या मानानं आणखी १० डीबीनं पडते, तिसरी तर २० नं. म्हणून तपासायची रीत साधी, अटेन्युएशन दहानं वाढवा. रेषा हलली तर ती यंत्राची, नाही हलली तर तुमची.

"पण काका, मी तर कॅलिब्रेट केलं होतं!"

"उणे वीसला केलं होतंस. तेवढ्याला ते खरंच बोलत होतं."

हे मॅन्युअलमध्येही आहे बरं का. मी कॅलिब्रेशनचा भाग चार वेळा वाचला होता, डिस्टॉर्शनचा चाळला होता.

ती रात्र वाईट गेली. सकाळी आधी सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि रिव्ह्यूच्या मार्कांची शीट पुढे गेल्याचं सांगितलं. आता बदल होणार नाही, फायनलला बघू. मी म्हटलं, सर, माझे पाच कमी करा. ते म्हणाले, असं होत नसतं.

मग कॅन्टीन. पार्टनर वडापाव खात होता. मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट. इंग्लिशच्या पुस्तकांचं बोलले होते त्याबद्दल सॉरीपण म्हटलं. पण 'सॉरी' हा शब्द इतका वापरून गुळगुळीत झालाय की काही पोचलं असं मला वाटलं नाही. तो काही बोलला नाही. चहा संपवला, पाकीट खिशात टाकलं आणि म्हणाला, "लॅब उघडी आहे का?"

तिन्ही फिल्टर त्याच्याकडे कंपासपेटीत होते. एकही फेकला नव्हता. या वेळी नॉब त्याच्या हातात होता आणि मी वहीत लिहीत होते. अर्धा तास वॉर्म-अप, कॅल, मग चाळीस डीबी अटेन्युएशन. तिसरा फिल्टर, ५७. दुसरा, ५४. शेवटी पहिला लावला. स्वीप रेंगाळत गेला, रेषा उमटली. ५६.

म्हणजे पहिल्या दिवशीच पास.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. "तीन रात्री," एवढंच म्हणाला. मग अटेन्युएशन पन्नास करून बघितलं, साठ करून बघितलं, रेषा नॉइजमध्ये बुडाल्यावर परत चाळीसवर आणलं. रेषा जागेवर होती. तिसरा फिल्टर बोर्डवर सोल्डर करायचं ठरलं, कारण पडदा चांगला बसला होता. पहिला त्यानं परत पेटीत ठेवला.

"फायनलला रिपोर्ट मी लिहिणार," तो म्हणाला. "इंग्लिश तू तपास. आकडे मी."

काल त्यानं पहिली सहा पानं दिली. 'अटेन्युएटर'चं स्पेलिंग दोन ठिकाणी चुकलंय. आकडे मी तपासायला घेतले नाहीत.