नाव दोघांचं

राम-लक्ष्मण या जोडीतले राम ‘मैंने प्यार किया’च्या कितीतरी वर्षं आधी वारले होते, ही गोष्ट हल्ली मनातून जातच नाही. ‘दिल दीवाना’ आमच्या रोह्यात लग्नाच्या मांडवापासून एसटी स्टँडजवळच्या टपरीपर्यंत वाजत होतं, तेव्हा संगीतकार म्हणून नाव दोघांचं लागायचं. चाली बांधायला बसलेला माणूस मात्र एकच होता. त्या एकाला आपलं जोडनाव वाचताना काय वाटत असेल?

विजय पाटील नागपूरचे. सुरेंद्र त्यांचे जोडीदार. दादा कोंडके यांनी 1975 च्या ‘पांडू हवालदार’साठी दोघांना घेतलं आणि नावंही त्यांनीच दिली. सुरेंद्र झाले राम, विजय झाले लक्ष्मण. मग राजश्रीचा ‘एजंट विनोद’ हाती आला, हिंदीचं दार किलकिलं झालं आणि त्याच सुमारास राम गेले. तो चित्रपट 1977 चा. त्यानंतर 1978 मध्ये ‘ढगाला लागली कळ’ आलं, 1981 मध्ये ‘देवा हो देवा’ आलं. पुढची बरीच वर्षं हिंदीत तशी कोरडीच गेली म्हणायची. आणि 29 डिसेंबर 1989 ला ‘मैंने प्यार किया’ लागला. संगीताचा फिल्मफेअर मिळाला तोही राम-लक्ष्मण या नावाला.

माझी रोह्याची आत्या असल्या वेळी हटकून म्हणायची, मेल्या म्हशीला मणभर दूध. कुणी गेलं आणि चार बायका त्याचं गुणगान करू लागल्या की आत्या ही म्हण दारातूनच टाकायची. मला ती लहानपणी फार कठोर वाटे. मण म्हणजे चाळीस शेर. एवढं दूध कुठली म्हैस देईल? म्हणजे म्हणीचा सगळा रोख म्हशीच्या मालकावर आहे. जिवंत असताना तिच्या पेंडीवरून कुरकुरत होतास, आता मणाच्या गोष्टी सांगतोस, असं ती त्याला सुनावते.

पण मालकाची बाजू कुणी ऐकली आहे का? त्याच्या दावणीला आता मोकळी जागा आहे. पहाटे उठायची सवय सुटत नाही, हात कासंडीकडे जातो. अशा माणसाला दूध मणभर आठवत असेल, तर ते खोटं बोलणं म्हणायचं की दुःखाचं माप तेवढं असतं म्हणायचं? आत्यानंच काका गेल्यावर त्यांच्या हातच्या चहाचं केवढं कौतुक केलं होतं. काका चहा करायचे तो गोड गुळमट, आम्ही सगळ्यांनीच प्यायलेला. तिला तेव्हा ही म्हण कुणी ऐकवली नाही, आणि ते बरंच झालं.

तर विजय पाटलांना ही म्हण लागू पडते का? मेलेल्या जोडीदाराचं पूर्वीचं दूध त्यांनी वाढवून सांगितलं नाही. त्यांनी पुढचं, अजून निघायचं होतं ते दूध त्याच्या खात्यावर घातलं. सुरेंद्र यांनी जे सूर ऐकलेही नाहीत त्यांच्यावर त्यांचं नाव आधी आणि हयात असलेल्याचं नंतर. अशा माणसासाठी मराठीत एखादी म्हण असेल तर ती मला सापडलेली नाही. रामायणात जावं तर तिथंही घोटाळा होतो. रामाच्या पादुका ठेवून त्याच्या नावानं चौदा वर्षं राज्य चालवलं ते भरतानं. नाव लक्ष्मणाचं मिळालं आणि वाट्याला काम भरताचं आलं.

अर्थात दुसरीही शक्यता आहे, आणि ती बाजूला सारता येत नाही. जयकिशन 1971 मध्ये गेले, तरी शंकर अखेरपर्यंत, म्हणजे 1987 पर्यंत, शंकर-जयकिशन याच नावानं संगीत देत राहिले. त्या नावाला बाजारात किंमत होती. राम-लक्ष्मण या नावालाही दादांच्या चित्रपटांमुळे मराठीत वजन आलंच होतं. ते नाव टाकून विजय पाटील म्हणून नव्यानं दारं ठोठावायची कशाला? मग हे प्रेम की व्यवहार? मी दोन्हीकडून विचार करते आणि दोन्हीकडं अडकते.

लग्न होऊन मी पेणला आले आणि इथं तर सगळं गावच अशा नावांवर चालतं. पेण, हमरापूर, जोहे, जाईल तिथं गणपतीचे कारखाने. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यावर आजोबांच्या नावाची पाटी आहे. आजोबा जाऊन एक पिढी लोटली. आता आत जे साचे आहेत त्यातले बहुतेक त्यांनी पाहिलेलेसुद्धा नाहीत. नातवाला एकदा विचारलं, तुझं नाव का लावत नाहीस? तो म्हणाला, ‘‘काकू, गिऱ्हाईक त्यांच्याच नावानं विचारत येतं. आणि माझं लावलं तर त्यांचं कुठं लावू?’’ एका दमात त्यानं व्यवहारही सांगितला आणि दुसरं ते जे काय आहे तेही सांगितलं.

त्या दिवशी तिथं आखणी चालली होती. मूर्ती साच्यातून काढून, सुकवून, घासून, पांढरा हात देऊन, अंगाचा रंग आणि सोनेरी काम सगळं उरकून ओळीनं मांडलेल्या, फक्त डोळे कोरे. आखणीचा माणूस वेगळाच असतो, तो गावोगावच्या कारखान्यांतून फिरतो. करंगळी मूर्तीच्या गालाला हलकेच टेकवून त्यानं श्वास धरला, बारीक ब्रशानं वरच्या पापणीची रेघ एका ओढीत घेतली आणि मगच श्वास सोडला. मग बुबुळ, मग त्यात पांढरा ठिपका. समोरचा रंगीत गोळा आपल्याकडं बघायला लागला. मुंबईत ती मूर्ती घरी नेणारे म्हणतील, पेणचा गणपती. कारखान्याची पाटी म्हणेल, आजोबांचा. या माणसाचं नाव कुठंच येणार नाही. मला वाटतं मूर्ती त्याची आहे. मग साचा करणाऱ्याचं काय? माती मळणाऱ्याचं काय? भरलेला टेम्पो सुटताना पोरांनी स्पीकरवर ‘देवा हो देवा’ लावलं होतं. त्यात आवाज रफींचा आहे. ते जुलै 1980 मध्ये गेले, गाणं पडद्यावर आलं 1981 मध्ये.

गाण्यांचं तर याहून अवघड. ‘मैंने प्यार किया’मधल्या ‘आते जाते’च्या मुखड्यात स्टीव्ही वंडरचं 1984 चं गाणं सरळ ऐकू येतं. ‘मेरे रंग में’च्या सुरुवातीला स्वीडनच्या युरोप या बँडचं ‘द फायनल काउंटडाउन’ आहे, ते 1986 चं. ज्या माणसानं दिवंगत मित्राला न केलेल्या कामाचं श्रेय दिलं, त्याच्याच गाण्यांत ज्यांनी काम केलं त्यांची नावं नाहीत. हे मला खुपतं. त्या काळी सगळेच घेत होते हे खरं, पण तेवढ्यानं खुपणं थांबत नाही. मनाचा मोठेपणा आणि ही उचल एकाच हातून कशी होते? की जो माणूस नाव हे एकट्याचं मानतच नाही, त्याच्याकडूनच दोन्ही होतं? इथं आल्यावर मघाशी भरतापर्यंत नेलेलं सगळं प्रकरण मला तितकंसं पक्कं वाटेनासं होतं.

तरीही ‘दिल दीवाना’ लागलं की मी हातातलं काम ठेवते. लताबाई तेव्हा साठीच्या होत्या. तेच गाणं बालसुब्रह्मण्यमनी वेगळं गायलं आणि त्यांनाही फिल्मफेअर मिळाला. विजय पाटलांनी त्यानंतर ‘हम आपके हैं कौन’ केला, ‘हम साथ साथ हैं’ केला, आणि 22 मे 2021 रोजी नागपुरात ते गेले.

वाचकांना एक विनंती. ‘दिल दीवाना’ कुठं कानावर आलं तर ते लिहिणाऱ्याचंही नाव घ्या. असद भोपाली. 1963 च्या ‘पारसमणी’तलं ‘वो जब याद आए’ त्यांचंच. ‘दिल दीवाना’साठी त्यांना फिल्मफेअर मिळाला तेव्हा ते 68 वर्षांचे होते, आणि त्याच वर्षी, 1990 मध्ये, ते वारले.