बामणघळीची गोष्ट आणि सरकारी पाटी

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात हेदवी हे गाव आहे. तेथील दशभुज गणपती सर्वांना माहीत असतो. त्याच गावी, समुद्रकाठच्या उमामहेश्वर मंदिरालगत कातळात एक अरुंद, लांब चीर आहे. तिचे नाव बामणघळ. भरतीची लाट या चिरेत घुसते, वाट आक्रसत जाते आणि कोंडलेले पाणी गर्जना करीत उंच उसळते. ओहोटीला मात्र हीच घळ अगदी निरुपद्रवी दिसते. खरा धोका तोच.

कुणी एक बामण या घळीत पडला, अशी कथा सांगतात. तो कोण, कधीचा, हे कोणी विचारीत नाही. अर्थशास्त्राचा अभ्यास केल्यामुळे मला या कथेचे मोल वेगळे वाटते. माहिती पोहोचवायला आणि टिकवायला खर्च येतो. येथे तो पाच अक्षरांत भागला आहे. मूल विचारते, "बामणघळ का?" आणि आजी सांगते. पाटी गंजते, नाव गंजत नाही.

इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण लोकांनी 'स्मोंग' या शब्दात जपली होती : जमीन हादरून समुद्र मागे हटला की डोंगर गाठायचा. २००४ च्या त्सुनामीत तेथील सुमारे ७८ हजार वस्तीपैकी सातच माणसे दगावली.

पण गोष्ट गावापुरतीच राहते. सुटीत मोटारीने येणाऱ्या पर्यटकाला आजी भेटत नाही. तेथे प्रशासनाचे काम सुरू होते. दिल्लीच्या कार्यालयात इतकी वर्षे सूचनांचे मसुदे वाचून माझे मत झाले आहे की, "पुढे जाण्यास मनाई" एवढ्याने कोणी थांबत नाही, कारण त्यात कारणच नसते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, हा कोकणातला जुना हिशेब आहे. पाटीवर रोजची भरतीची वेळ आणि खाली दोन ओळींत बामणाची गोष्ट लिहायला फारसा खर्च येणार नाही.

आणि दिल्ली, नोएडा, गुडगावात वाढणाऱ्या आपल्या मुलांचे काय? त्यांना कोकण दाखवायला नेण्यापूर्वी ही गोष्ट आपणच सांगायला हवी. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.