शंभर बाण आणि नव्याण्णव सांधे

लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलं की त्याचं चुंबकत्व नाहीसं होतं, हे शाळेपासून ऐकत आले होते. पण तापमान हळूहळू वाढत असताना एका ठरावीक टप्प्यावर सगळं एकदम का बदलावं, या प्रश्नाला आपण कागद-पेन्सिल घेऊन भिडू शकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! आता ते कळलंय आणि मी आयसिंग मॉडेलने अक्षरशः झपाटून गेले आहे.

मांडणी इतकी साधी की विश्वास बसत नाही. विल्हेल्म लेन्झ यांनी १९२० मध्ये ती सुचवली आणि आपला विद्यार्थी अर्न्स्ट आयसिंग याला सोडवायला दिली. प्रत्येक अणू म्हणजे एक बाण: वर किंवा खाली, तिसरा पर्याय नाही. प्रत्येकाचा संबंध फक्त शेजाऱ्याशी. दोघे एका दिशेला असले तर ऊर्जा कमी, विरुद्ध असले तर जास्त. बस्स, एवढंच!

एका ओळीत शंभर बाण ठेवा. त्यांच्या एकूण रचना किती? २ चा शंभरावा घात, म्हणजे ३१ अंकी संख्या. सेकंदाला एक अब्ज रचना तपासणारा संगणक बसवला तरी विश्वाच्या वयाच्या हजारो पट काळ लागेल. आणि आपल्याला या प्रत्येक रचनेचं वजन, म्हणजे ती किती संभाव्य आहे हे सांगणारा आकडा, काढून बेरीज करायची आहे!

इथेच ती युक्ती येते. बाणांकडे बघूच नका, सांध्यांकडे बघा. शेजारी जुळले तर त्या सांध्याचं वजन अ, न जुळले तर ब; रचनेचं वजन म्हणजे तिच्या सगळ्या सांध्यांच्या वजनांचा गुणाकार. तापमान जितकं कमी तितका अ हा ब च्या तुलनेत मोठा. चार बाण घेऊन बघा. सोळा रचना, तीन सांधे. तिन्ही सांधे जुळलेल्या रचना दोन, एक सांधा तुटलेल्या सहा, दोन तुटलेल्या सहा, तिन्ही तुटलेल्या दोन. म्हणजे २(अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³). अहो, हे तर आठवीतलं (अ + ब)³! मग शंभर बाणांची ती अवाढव्य बेरीज म्हणजे (अ + ब) चा ९९ वा घात, दुप्पट. एका ओळीत संपली! हे हाताने लिहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरत होते.

पहिल्या बाणाचा प्रभाव दूरवर किती पोचतो, तेही लगेच निघतं. दर सांध्याला (अ − ब)/(अ + ब) या पटीत तो घटतो. अ हा ब च्या नऊपट असला, म्हणजे चांगलीच थंडी असली, तरी ही पट ०.८. दहा घरांपुढे प्रभाव ०.११ उरतो, पन्नास घरांपुढे ०.००००१४. कानगोष्टींच्या खेळासारखं, रांग लांबली की निरोप हरवतोच. म्हणून एका ओळीत चुंबक बनत नाही. आयसिंगने १९२४ च्या प्रबंधात हेच दाखवलं आणि त्रिमितीतही असंच होणार, असा अंदाज केला.

तो अंदाज चुकीचा होता, आणि कारण काय सुंदर आहे! ओळीत एकच सांधा तुटला की पलीकडचं सगळं उलटतं. पाच बाण असोत की पाच लाख, किंमत तीच. पण चौकटींच्या जाळीत उलट्या बाणांचं बेट करायचं तर त्याच्या संपूर्ण काठावरचे सांधे तोडावे लागतात. बेट मोठं, तर काठ लांब, तर किंमत जबर. काठाला वळायला प्रत्येक पायरीवर फार तर तीन वाटा असतात. पुरेशी थंडी असली की किंमत या पर्यायांवर मात करते आणि मोठी बेटं दुर्मीळ होतात. रुडॉल्फ पायर्ल्स यांचा हा १९३६ चा युक्तिवाद. म्हणजे जाळीत चुंबक बनतो!

नेमका कधी? क्रेमर्स आणि वानिए यांनी १९४१ मध्ये तो बिंदू शोधला, १९४४ मध्ये लार्स ऑनसागर यांनी चुंबकीय क्षेत्र नसतानाचं संपूर्ण अचूक उत्तर दिलं. उंबरठ्यावर अ भागिले ब बरोबर १ + √२! चुंबकाच्या पोटातून वर्गमूळ दोन निघतं!

मी छोटा प्रोग्राम लिहून हेच गुणोत्तर घातलं. जास्त तापमानाला पडद्यावर नुसते काळे-पांढरे ठिपके, कमी तापमानाला जवळजवळ एकच रंग, आणि १ + √२ वर बेटांत बेटं, त्यांत आणखी बेटं, सगळ्या आकारांची!

आता घनाकार जाळी. तिथे संगणकाने हे गुणोत्तर सुमारे १.५५८ मिळतं. पण त्यामागे १ + √२ सारखं एखादं नेटकं सूत्र दडलं आहे का, हे आजवर कुणालाही सापडलेलं नाही. आठवीच्या कंसापासून इथपर्यंत यायला थोडी पानं पुरतात, आणि पुढचं पान साऱ्या जगासाठी कोरं आहे. काढा चार बाण, मोजा सांधे, लागा कामाला!